भात चालत नाही

भास्कर बेहेरे रत्नागिरीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. चौऱ्याऐंशी साली गणपती गेल्यावर त्यांना तहान लागायला लागली. पहिल्या तासाला तांब्याभर पाणी, तिसऱ्याला तांब्याभर, पाचव्याला पुन्हा. शाळेचा शिपाई आत्माराम चार दिवस निमूटपणे तांबे भरत राहिला आणि पाचव्या दिवशी त्याने विचारलं, की सर सध्या वाळवंटं शिकवतायत का. बेहेरे म्हणाले, नाही, मोसमी वारे.

महिन्याभरात त्यांची पँट कमरेवर राहीना. त्यांच्या बायकोने, मालिनीबाईंनी, दोनदा हूक सरकवून दिला आणि तिसऱ्यांदा त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मधुमेह आहे असं सांगितलं. साखर बंद, बटाटा बंद, भात बंद.

"भात किती दिवस बंद?" बेहेऱ्यांनी विचारलं.

"आता बंदच," डॉक्टर म्हणाले.

बेहेऱ्यांनी मान डोलावली. दोघं घरी आली तेव्हा भात झालेला होता. डॉक्टरांनी उद्यापासूनचं सांगितलं असणार असं म्हणून बेहेरे जेवायला बसले आणि नेहमीपेक्षा एक मूद जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिनीबाई स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि त्यांना काहीच सुचेना. सकाळी मऊभात आणि मेतकूट, दुपारी आमटीभात, शेवटी ताकभात, रात्री पुन्हा भात, असा त्या घराचा दिवस होता. भात नसेल तेव्हा घावन, तेही तांदळाचे. आंबोळ्या तांदळाच्या, पानगी तांदळाची, पोहे म्हणजे तरी काय, तांदूळच. पोळ्या व्हायच्या, पण त्या भाजी संपवण्यापुरत्या, दोघांत मिळून तीन. पंचवीस वर्षं आपण या माणसाला एकच पदार्थ वेगवेगळ्या आकारांत वाढत आलो, हे त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

डॉक्टरांनी दोन पोळ्या सांगितल्या होत्या. बेहेरे दोन पोळ्या खायचे, हात धुवायचे आणि परत पाटावर येऊन बसायचे. सवयीने. पोळी खाल्ली म्हणजे जेवणाला सुरुवात झाली एवढंच त्यांच्या पोटाला ठाऊक होतं. ते तक्रार करायचे नाहीत. नुसते बसायचे. मालिनीबाईंना तक्रार परवडली असती.

मग त्यांना वरी आठवली. वरीचे तांदूळ उपासाला चालतात, दिसायला भातासारखे, आणि डॉक्टरांनी त्यांचं नाव काढलेलं नव्हतं. तेव्हापासून बेहेऱ्यांना रोज दोन्ही वेळेला वरी मिळायला लागली, आमटी घालून. पंधरा दिवस घरात एकादशी चालू होती. शेजारच्या हेमाताईंनी कुंपणावरून विचारलं की भास्करराव कसलं व्रत करतायत, आणि मालिनीबाईंनी वेळ मारून नेण्यासाठी शंकराचं म्हणून सांगितलं. पुढच्या सोमवारी हेमाताई बेलाची पानं घेऊन आल्या. बेहेऱ्यांनी ती घेतली, डोळ्यांना लावली आणि देवघरात ठेवली.

डॉक्टरांनी बेहेऱ्यांना घरच्या घरी लघवी तपासायला शिकवलं होतं. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, नारिंगी, आणि विटकरी म्हणजे हाताबाहेर. बेहेऱ्यांना हे समजायला काही अडचण पडली नाही. नकाशातही निळा म्हणजे समुद्र, हिरवा म्हणजे मैदान आणि विटकरी म्हणजे पर्वत असतो. वरी चालू झाल्यापासून ते रोज सकाळी मागच्या पडवीत नळी उजेडात धरायचे आणि मालिनीबाईंना उंची सांगायचे. सह्याद्री. सह्याद्री. आज जरा घाटमाथ्याच्या खाली.

डॉक्टरांना वरीचं कळलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. नंतर म्हणाले, बेहेरे, ती भाताची बहीण आहे.

शाळेत गणिताला माने सर होते, सांगोल्याकडचे. ते म्हणाले की आमच्याकडे ज्वारीची भाकरी खातात, आमच्या वडिलांना ऐंशीव्या वर्षी साखर नाही. त्यांनी एका शनिवारी बेहेऱ्यांना घरी जेवायला नेलं. भाकरी बरी होती. तिच्याबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा होता, तो बेहेऱ्यांनी चटणीच्या मापाने घेतला. त्यानंतरचं जेवण त्यांना नीटसं आठवत नव्हतं. माने सरांच्या पत्नींनी पाठीवरून हात फिरवल्याचं तेवढं आठवत होतं. शिवाय ज्वारी रत्नागिरीच्या बाजारात मिळायची ती जुनी, कुबट वासाची, आणि माने सर स्वतःची गावाहून आणायचे.

तेव्हा डॉक्टर म्हणाले, नाचणी खाऊन बघा.

नाचणी बेहेऱ्यांना माहीत होती. 'कोकणात भाताखालोखाल हलक्या, वरकस जमिनीत नाचणी पिकते' हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्यांच्या घरात नाचणीचे पापड व्हायचे, लहान बाळांना नाचणीचं सत्त्व द्यायचे. पण नाचणीची भाकरी त्यांनी खाल्ली नव्हती, त्यांच्या वडिलांनी खाल्ली नव्हती, आणि मालिनीबाईंनी ती करताना कुणाला पाहिलंही नव्हतं. ती कुणबी लोक खातात, एवढीच माहिती दोघांकडे होती.

त्यांच्याकडे आठवड्यातून तीनदा गोदा यायची. हातखंब्याच्या पलीकडे, रस्त्यापासून पाऊण तास चालत, तिची वाडी होती. पहाटेच्या एसटीने भाजीची पाटी घेऊन ती रत्नागिरीत यायची, आळीतून विकायची, शेवटी बेहेऱ्यांच्या मागच्या पडवीत टेकायची, चहा प्यायची, आवार झाडून द्यायची आणि परत जायची. तिचा नवरा काशीराम मुंबईला गिरणीत होता. संप झाला, गिरणी बंद पडली आणि तो गावी येऊन आता शेती करत होता.

मालिनीबाईंनी गोदाला विचारलं, की तुमच्याकडे नाचणी असेल तर थोडं पीठ आण. गोदाने पाटीवरचं फडकं नीट केलं आणि सांगितलं, की वैनी, आमच्याकडं नाचणी नसते आता. आमी पण भातच खाताव.

हे खरं नव्हतं, पण मालिनीबाईंना ते कळायचं कारण नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या साखरेचं सगळं गोदाला सांगितलं. गोदाने ऐकून घेतलं. दोन दिवसांनी ती आली तेव्हा म्हणाली, की मास्तरांना रविवारी आमच्याकडं जेवायला पाठवा, घरवाल्यांनी सांगितलंय. काशीरामला शाळेतल्या मास्तरांबद्दल आदर होता. भात न मिळाल्याने ते खंगत चालले आहेत एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

दिवाळीची सुट्टी चालू होती. बेहेरे रविवारी सकाळी हातखंब्याला उतरले आणि चालत निघाले. भातकापणी होऊन गेली होती, खळ्यांवर भाताच्या भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या. वाटेत वरच्या अंगाला कातळाच्या कडेने नाचणीची कणसं खुडायची राहिलेली दोन-तीन शेतं लागली. बेहेऱ्यांनी थांबून एक कणीस हातात घेऊन बघितलं. पुस्तकातलं चित्र बरोबर होतं.

काशीराम अंगणात उभा होता. धुतलेला सदरा घातला होता. त्याने पाय धुवायला पाणी दिलं, ओटीवर घोंगडी घातली आणि पावसापाण्याचं बोलणं केलं. गिरणीचा विषय बेहेऱ्यांनी काढला नाही आणि त्यानेही काढला नाही. मग गोदाने पाट मांडला, एकच, आणि ताट आणून ठेवलं.

ताटात काळ्या वाटाण्याची उसळ होती, कैरीचं लोणचं होतं, आणि मधोमध भात होता. नव्या तांदळाचा, त्यांच्या स्वतःच्या शेतातला, गरम, वर घरचं तूप. बेहेऱ्यांनी महिन्याभरात असा भात पाहिला नव्हता. वास नाकात गेला आणि त्यांच्या तोंडाला खरोखरच पाणी सुटलं. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि तो तिथेच राहील याची काळजी घेतली.

"भात मला चालत नाही," ते म्हणाले.

बोलल्याबरोबर त्यांना कळलं की हे वाक्य असं बोलायचं नव्हतं. या घरात येणाऱ्या त्यांच्यासारख्या माणसाने 'चालत नाही' म्हटलं की त्याचा एकच अर्थ होत आला होता.

काशीराम खांबाला टेकून उभा होता तो तसाच राहिला. "आमच्या हातचा?" त्याने विचारलं.

"कुणाच्याच हातचा नाही. साखर आहे मला."

"गोदा बोलली तसं. पण मास्तर, आजारी माणसाला डॉक्टर पेज द्यायला सांगतो. भात बंद कर म्हणणारा डॉक्टर मी ऐकला न्हाय."

यावर बेहेऱ्यांनी भाताची साखर कशी होते ते समजावून सांगितलं. स्वादुपिंड कुठे असतं ते स्वतःच्या पोटावर दाखवलं. ते चांगले शिक्षक होते, पण काशीरामच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. माणसाला जेवायचं नसलं म्हणजे तो बरंच बोलतो, हे काशीराम मुंबईत शिकला होता. गोदा आतल्या दारात पदर धरून उभी होती.

मग बेहेरे बोलायचे थांबले. त्यांनी उसळीची वाटी उचलली आणि नुसती उसळ खायला लागले. वाटी संपली, तशी त्यांनी ती पुढे केली. गोदाने पुन्हा वाढलं. तीही त्यांनी संपवली. उसळ तिखट होती, पण माने सरांच्या ठेच्यानंतर बेहेऱ्यांना तिखटाचं भय उरलं नव्हतं. काशीराम बघत होता. ज्याला आपल्या हातचं चालत नाही असा माणूस दोन वाट्या उसळ खाणार नाही, इथपर्यंत त्याचा विचार आला होता. त्याच्यापुढे मात्र तो जाईना. उसळ चालते आणि भात चालत नाही, असं चालणं त्याने कुठे पाहिलं नव्हतं.

"नाचणीची भाकरी असेल तर तेवढी द्या," बेहेरे म्हणाले. "घरात केलेली आहे. मला वास येतोय."

गोदाने काशीरामकडे बघितलं. भाकरी चुलीशेजारी टोपलीखाली झाकलेली होती. ती पाहुणा गेल्यावर त्या दोघांनी खायची होती.

काशीराम खांबापासून पुढे आला. मग तो म्हणाला, "मास्तर, ती आमी कुणाच्या पुढ्यात वाढत न्हाय. गिरणीत जेवणाची सुट्टी झाली की घाटावरची माणसं पांढऱ्या भाकऱ्या काढून बसायची. गावाहून कुणी आलं तर आमच्या डब्यात ही काळी असायची. आमी भिंतीकडं तोंड करून खायचो. अठरा वर्षं."

बेहेऱ्यांनी यावर विचार केला.

"मग मीही भिंतीकडे तोंड करतो," ते म्हणाले.

ते उठले, पाट फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. समोर सारवलेली भिंत होती आणि तिच्यावर एक कॅलेंडर, त्याचा ऑक्टोबर अजून फाडायचा होता. बेहेरे ऑक्टोबरच्या तिथी वाचत राहिले.

"वाढ गो त्यांना," काशीराम शेवटी म्हणाला.

भाकरी जाड होती, तांबूस काळी, आणि वर राखेचा एक डाग होता. बेहेऱ्यांना ती एका हाताने मोडता येईना. त्यांनी दुसरा हात लावला. पहिला घास टाळूला चिकटला, तो त्यांनी जिभेने सोडवला. चव त्यांना ओळखीची वाटेना. भाजलेल्या मातीची म्हणावी तर तशी, आणि शेवटी किंचित गोड. आवडली असं म्हणणं खोटं झालं असतं. पण तिसऱ्या-चौथ्या घासाला त्यांच्या लक्षात आलं की आपलं पोट काहीतरी धरून ठेवतंय. महिन्याभरात प्रथमच जेवण संपल्यासारखं वाटत होतं, आणि अजून तर अर्धी भाकरी शिल्लक होती.

शेजारी पाट सरकल्याचा आवाज झाला. काशीराम त्यांच्या बाजूला येऊन बसला होता, भिंतीकडेच तोंड करून. त्याच्या ताटात बेहेऱ्यांचा भात होता. तुपाचा भात टाकून कसा द्यायचा, असं तो गोदाला म्हणाला. दोघं जेवायला लागले. मध्येच काशीरामने भाकरी कशी धरायची ते दाखवलं, अंगठ्याने दाबून, चतकोर करून. बेहेऱ्यांनी तसं केलं.

निघताना गोदाने दोन शेर पीठ कापडात बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेहेऱ्यांनी पडवीत नळी उकळली, उजेडात धरली आणि घरात येऊन मालिनीबाईंना सांगितलं, की आज किनारपट्टी.

पीठ आलं तरी भाकरी व्हायची होती. मालिनीबाईंच्या हाताखालून पंचवीस वर्षांत हजारो मोदक गेले होते, एकही फुटला नव्हता. नाचणीची पहिली भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे सात तुकडे झाले. बेहेऱ्यांनी ते खाल्ले. त्यातल्या एकाचा आकार श्रीलंकेसारखा आहे असं त्यांनी सांगितलं. मालिनीबाईंनी त्यांना जेवताना बोलू नका म्हणून सांगितलं. चार दिवस असेच तुकडे झाले.

गोदाने शिकवलं तर जमणार होतं. पण गोदा पडवीच्या आत कधी आलेली नव्हती. सासूबाई असल्यापासूनचा तो रिवाज होता. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली होती, रिवाज राहिला होता. मालिनीबाईंनी त्यावर तोड काढली. त्यांनी स्टो उचलून मागच्या पडवीत नेला. परात नेली, तवा नेला, पाण्याचा तांब्या नेला. पहिल्या दिवशी वाऱ्याने स्टो तीनदा विझला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाऱ्याच्या बाजूला धोतर बांधलं, ते पेटता पेटता राहिलं. तिसऱ्या दिवशी पिठावर अंगणातली धूळ आली आणि कुणाची तरी कोंबडी परातीत चढली. गोदा हे सगळं पायरीवर बसून पाहत होती. तिने एकदाही काही सुचवलं नाही.

चौथ्या दिवशी मालिनीबाईंनी स्टो आतच ठेवला.

"आत ये," त्या म्हणाल्या.

"कुठं, वैनी?"

"आत. चुलीपाशी."

गोदाने पाय धुतले. मग पुन्हा धुतले. आत आली, आणि ओट्यावरचे डबे, खिडकी, भिंतीवरची रवी असं सगळं एकदा बघून घेतलं. मग तिने पाणी उकळत ठेवलं, त्यात पीठ टाकून झाकलं, वाफ दिली आणि गरम असतानाच मळायला घेतलं. गार पाण्याने ही कधी व्हायची न्हाय, एवढंच बोलली. तिच्या हाताखाली भाकरी परातीत गोल गोल फिरत मोठी होत गेली, तव्यावर पडली, फुगली. मालिनीबाईंनी दुसरी केली. तिला कडेला तीन चिरा गेल्या, पण ती एकच राहिली.

त्या दिवशी देवघरावर काही परिणाम झाल्याचं मालिनीबाईंना दिसलं नाही. त्या दोन-तीन दिवस लक्ष ठेवून होत्या.

हेमाताईंनी गोदाला आतून बाहेर येताना पाहिलं आणि कुंपणावरून काही विचारलंही. मालिनीबाईंनी सांगितलं, की डॉक्टरांनी सांगितलंय. यानंतर डॉक्टरांनी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. गोदाने आतल्या कपात चहा प्यावा हेही त्यांनीच सांगितलं होतं, आणि काशीराम नाचणीचं पोतं घेऊन आला की त्याला पुढच्या दाराने यायला सांगावं हेही. डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं.

बेहेरे भाकरी खात राहिले. सकाळी अंबील, दुपारी दीड भाकरी, रात्री एक. कुळथाचं पिठलं त्यांनी जन्मभर भातावर घेतलं होतं, ते आता भाकरीशी खायला लागले. कोरड्या लसणीच्या चटणीची त्यांना ओळख झाली. लसूण त्या घरात पूर्वी येत नसे. पँटचा हूक परत पहिल्या जागी गेला नाही, पण तिथून पुढेही सरकला नाही. तांब्याची गरज राहिली नाही आणि आत्मारामला उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. कुणी विचारलं की भाकरी आवडते का, तर बेहेरे म्हणायचे, आवडत नाही, पण लागते.

भाताची आठवण जायची होती ती गेली नाही. मालिनीबाई आपल्यापुरता वाटीभर भात लावायच्या. त्या वेळी बेहेरे चप्पल घालून आळीच्या टोकापर्यंत फिरून यायचे.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले आणि म्हणाले, की आता रविवारी दुपारी मूठभर भात घ्यायला हरकत नाही. मालिनीबाईंनी विचारलं, की मूठ कुणाची, कारण बेहेऱ्यांचा पंजा मोठा होता. डॉक्टर म्हणाले, रोग्याची.

रविवारी त्यांनी नव्या तांदळाचा भात केला. बेहेऱ्यांची मूठ भरून मापला, मूद पाडली, वरण घातलं, तूप घातलं, लिंबाची फोड ठेवली. बेहेरे पाटावर बसले. ते फार हळू जेवले. एकेक शीत उचलल्यासारखे. शेवटच्या घासाला त्यांनी डोळे मिटले, आणि मालिनीबाईंनी खिडकीबाहेर बघितलं, कारण एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला रडताना पाहिलं नव्हतं आणि भातासाठी पाहावं असं त्यांना वाटेना.

बेहेऱ्यांनी ताट निपटलं. पाणी प्यायले. मग तसेच बसून राहिले.

"काय झालं?" मालिनीबाईंनी विचारलं.

"चांगला होता. फार चांगला होता." त्यांनी रिकाम्या ताटाकडे बघितलं. "पण भरल्यासारखं वाटत नाही. भाकरी आहे का गं?"

मालिनीबाई उठल्या. आज भात म्हणून त्यांनी बेहेऱ्यांसाठी भाकरी टाकली नव्हती. पण टोपलीखाली एक होती, मऊ, पातळ, कडेला एकही चीर नसलेली. त्यांनी ती ताटात आणून ठेवली आणि बेहेऱ्यांनी विचारायच्या आत सांगितलं, की गोदा येते त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी हेच खातो, मला बरं पडतं, गेल्या पावसाळ्यापासून. रविवारची मी माझ्यापुरती टाकते.

"मग तू काय खाणार?"

"अर्धी मोडा," मालिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्यासमोर पाट घेऊन बसल्या.